उत्तरेकडची भिंत

आमचं घर बघायला हल्ली माणसं येतात. आर्किटेक्चर शिकणारी मुलंमुली येतात, पाठीवर पिशव्या, हातात लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र. नगरात जुनं काय काय उरलंय त्याची यादी करतायत म्हणे. ज्या गावानं जुन्या घरांचे घडीव दगड काढून गटारांवर टाकले त्या गावाला आता यादी सुचली आहे, वरातीमागून घोडं. पण मुलं गुणी आहेत. चप्पल बाहेर काढतात, मला काकू म्हणतात, मधल्या दालनातल्या कमानीखाली उभं राहून माना वर करून बघत राहतात. मी चहा करते. मी स्वतः बांधकाम खात्यात सारी नोकरी काढली हे त्यांना कळलं की आणखीच आदरानं बोलायला लागतात.

मागल्या महिन्यात त्यांतली एक मुलगी गल्लीत उभी राहून फोटो काढत होती. आत येऊन म्हणाली, “काकू, उत्तरेकडच्या भिंतीवर अगदी वरती, गच्चीच्या कठड्याखाली, सिमेंटनं लिंपलेला एक गोल आहे. त्यावर दोन अक्षरं कोरल्यासारखी दिसतात. कारागिराचं नाव असेल का?” मी म्हटलं, “असेल.” तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझ्या वयाच्या बाईचं एवढं खोटं सहज खपून जातं. पण ती गेल्यावर मेथी निवडायला बसले तर पानं टाकून काड्याच पातेल्यात ठेवत होते. म्हणून हे लिहायला घेतलं. याआधीच्या प्रकरणांत मी बरंच काही गोड करून सांगितलं आहे. हे गोड होण्यातलं नाही.

आम्ही कासार. दर्शनी खोलीत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आणि मागे घर. घर म्हणजे तीन काळांची खिचडी होती. खालचा मजला घडीव काळ्या दगडाचा, टोकदार कमानींचा, निजामशाहीतला. वरचा सागवानी खांबांचा, पेशवाईतला. आणि त्यावरचे पत्रे अण्णांचे; मधल्या दालनावर तेवढी उघडी गच्ची. अण्णा म्हणजे माझे वडील. गिऱ्हाइकाला ते सांगायचे की हे घर सुलतानाच्या अत्तरवाल्याचं. कधी अत्तरवाला, कधी घोड्यांचा हकीम, समोरचं गिऱ्हाईक बघून. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. पणजोबांनी ते कुणाकडून घेतलं आणि त्या माणसाला ते का सोडावं लागलं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. परसात एक दगडी हौद होता. डोंगराच्या पायथ्यापासून मातीच्या नळांनी त्यात कधीकाळी पाणी यायचं. माझ्या लहानपणी तो कोरडाच होता आणि त्यात आम्ही भातुकली खेळायचो.

दुकानाच्या मागचं मधलं दालन हे त्या घराचं पोट होतं. एप्रिल-मे महिन्यांत सगळं नगर भाजून निघायचं, पण आई दुपारी त्या दालनात फरशीवर पदर टाकून झोपायची आणि उठताना म्हणायची, जरा गारच लागलं. गल्लीतून हातगाडी गेली की दुकानातल्या घागरी एकमेकींना लागून किणकिणायच्या. तो आवाज दालनात यायचा तो अगदी मऊ होऊन. उत्तरेकडची भिंत तीन हात जाड. बाहेरून दगड, आतून दगड, आणि मधल्या पोटात खडी, माती, चुना यांची भर. तिच्यात ओळीनं पाच कोनाडे होते. पहिल्यात आईची मिठाची बरणी, मग लोणचं, मग पापडांचा डबा. भिंतीच्या आत खालपासून वरपर्यंत एक पोकळ नळी गेली होती. ती वर कठड्याखाली गल्लीच्या बाजूला ताटाएवढ्या गोल भोकातून उघडायची. तिला उसासा म्हणत. लहानपणी आम्ही भावंडं तळाच्या कोनाड्यातल्या फटीशी कान लावायचो, तर आतून वारा वर चाललेला ऐकू यायचा. मला ते घरातलं सर्वांत मोठं गुपित वाटायचं.

या भिंतीची देखभाल उस्मानचाचांकडे होती. चाचा चुन्याचे गवंडी. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांच्या वेळी हे घर सांभाळलं, मग त्यांनी. वेशीबाहेर त्यांची चुन्याची घाणी होती. गोल चर, त्यात दगडी चाक आणि ते ओढणारा एक म्हातारा रेडा. दरवर्षी पाऊस सरला की चाचा मळलेला चुना हातगाडीवरून आणायचे, आमच्या कोरड्या हौदात तो पाण्याखाली मुरत ठेवायचे आणि महिनाभर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, बारीक कापलेला ताग. परसाला कशाचा वास यायचा ते मला आजही सांगता येत नाही, थोडा काकवीचा, थोडा औषधाच्या दुकानाचा. गूळ आम्ही चोरायचो. चाचांना दिसायचं, पण ते बोलायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी ढेप थोडी मोठी आणायचे. काम सुरू करण्याआधी ते भिंतीसमोर बसून तळहात टेकवत टेकवत सगळी भिंत फिरायचे. आईनं मिठाची बरणी हलवली, की त्या कोनाड्यातून बोट फिरवून ते जिभेला लावायचे. मी विचारलं, “काय कळतं चाचा?” तर म्हणाले, “भिंत कुठं तहानलीय आन कुठं लई प्यालीय, त्ये कळतं.”

पंधरा दिवस ते आमच्याकडे जेवायचे. आईच्या हातची शेंगोळी त्यांना फार आवडायची. हुलग्याचं पीठ, लसणाचा ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. आई मुद्दाम करायची. पण चाचा जेवायचे ते दिंडीदरवाजाच्या आत, ओट्यावर. आणि त्यांची थाळी वेगळी, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची. कप वेगळा, कान तुटलेला. दोन्ही दारालगतच्या एका कोनाड्यात पालथी घातलेली असत. आणि तो कोनाडा चाचांनीच लिंपलेला. तांब्यापितळेची हजार भांडी ज्या घरात विकायला मांडलेली, त्या घरात त्यांच्यासाठी पितळेची एक थाळी नव्हती. देवघराची भिंत ते आतून लिंपायचे, गाभाऱ्यात बसावं तसे तिथं तास-तास बसायचे, ते चालायचं. कप चालायचा नाही. आम्ही वाईट माणसं नव्हतो असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. जेवून झालं की चाचा थाळी स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवायचे आणि आईला हाक मारायचे, “भाभी, आज मीठ बराबर.” आई आतूनच हसायची.

मग स्टील आलं. म्हणजे आलं होतं आधीच, पण आता पितळ घ्यायला फक्त लग्नाची माणसं यायला लागली आणि अण्णांनी ठरवलं की मधलं दालन दुकानात घ्यायचं. काचेची कपाटं, ट्यूबलाइट, एका बाजूला स्टीलचे डबे. कपाटं टेकायची तर भिंत सरळ हवी, गुळगुळीत हवी, कोनाडे बुजवायला हवेत. मी तेव्हा तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात मुली आम्ही दोघीच. अण्णा दुकानात येईल त्याला सांगायचे, आमची शैला इंजिनेर होतेय. मीही कमी नव्हते. गळ्यात ड्रॉइंगची पट्टी अडकवून गल्लीतून उगीच दोन फेऱ्या मारायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ना, ती मी.

चाचांना बोलावलं. त्यांनी दालन बघितलं आणि म्हणाले, कोनाडे बुजवतो, भिंत वळंब्यात सरळ आणतो, पण चुन्यात. आणि चुन्याला दिवाळी उजाडेल. अण्णांना काम अक्षय तृतीयेच्या आत हवं होतं. ते म्हणाले, “मिस्त्री, जमाना सिमेंटचा हाय. आपल्या शैलीलाच विचारा की. ती शिकतीय त्येच.”

चाचांनी खरंच विचारलं. ते खाली फरशीवर बसले होते, वळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत. मान वर करून म्हणाले, “सांग बेटा. तुझ्या किताबात काय हाय?”

त्या आवाजात टोमणा नव्हता. हे मला नीट लिहायला हवं. त्यांना खरंच ऐकायचं होतं. मी उभी राहून सांगितलं की चुना कमजोर असतो, सिमेंटची ताकद त्याच्या कितीतरी पट, आणि सिमेंटमधून पाणी आत येत नाही.

“ताकद हाय, कबूल,” चाचा म्हणाले. “पर भिंतीला ताकद नकोच हाय बेटा. दगडात ती हायच. वल काय वरनं येत न्हाई, खालनं येती, जमिनीतनं. आली तशी ती बाहेर जायला पायजे. चुना तिला जाऊ देतो. उसासा तिला वर घिऊन जातो. तुमी सिमेंट मारलं तर ती आतच बसंल. मधल्या भरीत माती हाय. मातीचा चिखल हुईल.”

“उसासा म्हणजे कबुतरांचं भोक आहे,” मी म्हटलं. “पुस्तकात असलं काही नसतं.”

अण्णा हसले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. त्या हसण्यानं मला जो चेव चढला तो मला आजही अंगावर आठवतो. मी म्हणाले, “चाचा, तुमचं वय झालं. हे तुम्हाला नाही कळायचं.”

त्यांनी वळंबा पिशवीत टाकला, थापी टाकली, उठले. जाताना आतल्या दाराकडे बघून म्हणाले, “भाभी, मिठाची बरणी हितनं हलवा.” बस, एवढंच. मला रागाचा शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर मला पुढं सोपं गेलं असतं.

सिमेंटचं काम करणाऱ्यांनी आठ दिवसांत भिंत आरशासारखी केली. कोनाडे गेले. बाहेरून बांबूंचा पहाड बांधून, त्यावर चढून त्यांनी उसाशाच्या भोकात विटांचे तुकडे भरले आणि वर सिमेंटचा गोल थापला. मी गच्चीवरून वाकून बघत होते. तो ओला, करडा, गुळगुळीत गोल बघून मला राहवलं नाही. त्यांच्यातल्या एकाकडून खिळा मागून घेतला, पोटावर झोपून हात खाली घातला आणि त्यावर वीतभर अक्षरांत माझं नाव कोरलं. शैला. खाली गल्लीत अण्णा मान वर करून बघत होते, म्हणाले, “झ्याक दिसतंय.” चाचांनी इतक्या वर्षांत आमच्या घरात कुठंही स्वतःचं नाव लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. हा विचार मात्र मला फार उशिरा सुचला.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. मी तिसऱ्या वर्षात गेले, पहिल्या वर्गात पास झाले. दुसऱ्या पावसाळ्यात आईचं मीठ पाघळायला लागलं. आई म्हणजे बोलणारी बाई नव्हती, पण ती पापड हातात घेऊन माझ्यासमोर वाकवायची. तो तुटायचा नाही, वाकायचा. “दालनात कोंदट वाटतंय गं,” ती म्हणायची. मी म्हणायचे, सिमेंट अजून वाळतंय. पीठ आणि सिमेंट यांतला फरक न कळणाऱ्या मुलीनं दिलं असतं तर क्षम्य म्हणावं असं ते उत्तर. मला तर परीक्षेत याच विषयात बक्षीस मिळालं होतं. लोणच्याला बुरशी धरली. मग भिंतीवर पांढरं पीठ फुलून आलं, टिचकी मारली की बद्द आवाज यायला लागला आणि दसऱ्याच्या सुमारास काचेच्या कपाटामागे भिंतीला पोट आलं. गरोदर बाईसारखं, आई म्हणाली. वर एक आडवी चीर.

सिमेंटवाले यायला तयार होईनात. अण्णांनी निरोप धाडला तो चाचांकडेच. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थापीची पिशवी घेऊन दारात उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, “पास झालीस म्हनं. मुबारक.”

त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग अण्णांना म्हणाले, “शेठ, दुकान हितनं हलवा आजच्या आज. टेकू पायजेत. लांब बल्ल्या, दहा-बारा. टेकू लावल्याबिगर मी हिला हात लावनार न्हाई. आत समदा चिखल हाय.”

धनत्रयोदशी आठ दिवसांवर आली होती. कासाराच्या घरात वर्षाचा धंदा त्या एका दिवसावर असतो. दालन रिकामं करायचं म्हणजे वर्ष रिकामं. अण्णा म्हणाले, “मिस्त्री, तूर्त ती वरची चीर तेवढी भरा. बाकी दिवाळीनंतर.”

“टेकू, शेठ.”

“सांगितलेत की. कोल्हारच्या वखारीतनं टेम्पो निघालाय बल्ल्यांचा. दुपारपोतर येईल.” आणि माझ्याकडे वळून, “काय गं शैला? केला ना फोन?”

मी फोन केलेला नव्हता. मला कुणी सांगितलाच नव्हता. अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला स्वच्छ कळलं. “हो,” मी म्हणाले.

दुपार झाली. टेम्पो येणार नव्हता तो आला नाही. चाचा दारापर्यंत जाऊन गल्लीच्या तोंडाकडे बघून आले, दोनदा. मग त्यांना भिंतीत बारीक करकर ऐकू आली म्हणाले. आम्हाला कुणाला ऐकू आली नव्हती. ते म्हणाले, वरचं सिमेंट ओझं धरून बसलंय, टेम्पो येस्तोवर तेवढं हलकं करतो, न्हायतर ती थांबायची न्हाई. अण्णांनी दालनातली माणसं बाहेर काढली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. स्टीलचे डबे मात्र तिथंच राहिले. चाचा लाकडी घोड्यावर चढून छिन्नीनं हलके हलके वरचा गिलावा उकलू लागले.

आईनं चहा केला आणि त्यांच्या कानतुटक्या कपात ओतून माझ्याकडे दिला. मी दालनाच्या उंबऱ्यापर्यंत पोचले होते. भिंतीचा आतला पदर मधूनच खाली बसला. मोठा आवाज झाला असेल, पण माझ्या कानात आहे तो शेकडो स्टीलच्या डब्यांचा, ते फरशीवरून घरंगळत राहिले, कितीतरी वेळ. धूळ उडाली नाही. पडक्या भिंतीची धूळ उडते, ही इतकी ओली होती की धूळ उडालीच नाही. दगडांमधून काळा चिखल ओघळत होता, आंबट वासाचा. चाचा कमरेपर्यंत त्यात होते आणि उजवा हात एका घडीव दगडाखाली. ते ओरडत नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, “फुडं येऊ नको बेटा, वरचं अजून यायचंय.”

त्या चिखलाकडे बघताना मला माझं सगळं पुस्तक आठवलं. दगड, भर, ओल, सगळं चाचांनी सांगितलं होतं तसंच. मी इंजिनियर झाले असेन तर त्या क्षणाला झाले.

चाचांना दवाखान्यात नेलं. हात कोपराखाली कापावा लागला, कमरेचं हाड मोडलं. संध्याकाळी पोलिस आले, पंचनामा करायला. अण्णा देवघरासमोर बसून होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “तू लिहून दे शैला. तुझं अक्षर चांगलंय, आन तू शिकलेली, तुझं लिवलेलं लागू पडंल. मला आत घालतील गं. दुकान जाईल. तुला कोन करून घेईल मग?” ते रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी काय लिहिलं ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. “सदर इसमाने मालकाच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून, टेकू येण्याची वाट न पाहता, स्वतःच्या मर्जीने भिंतीचा सुस्थितीतील सिमेंटचा गिलावा उकरल्याने भिंत कोसळली.” खाली सही, आणि सहीखाली माझी पदविका. एकही अक्षर हललं नाही. आई दारात उभी होती. तिला वाचता येत होतं. ती आत निघून गेली आणि त्यानंतर मरेपर्यंत तिनं मला त्याबद्दल एक अवाक्षर विचारलं नाही. पण शेंगोळी तिनं पुन्हा कधी केली नाहीत.

पुढं सगळं झरझर झालं. पोलिस दवाखान्यात जबाब घ्यायला गेले तेव्हा चाचांनी सांगितलं, शेठची काही चूक नाही, त्यांनी टेकू मागवले होते, टेम्पो यायला उशीर झाला, मीच घाई केली. म्हणजे माझा कागद आणि त्यांचा जबाब तंतोतंत जुळले. प्रकरण मिटलं. आतला पदर विटा-सिमेंटनं उभा राहिला, धनत्रयोदशीचा धंदा उशिरानं का होईना झाला. आणि नगरात सगळीकडे झालं की उस्मान मिस्त्रीनं कासाराची भिंत पाडली. ज्या घरांत त्यांचं वर्षानुवर्षांचं येणंजाणं होतं त्यांनीही त्यांचा मुलगा गेला तर त्याला दारातूनच परतवलं. मुलगा सुप्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला. घाणीचा रेडा विकला. चाक काही वर्षं रस्त्याकडेला पडून होतं. आता ही यादी करणारी मुलं मला विचारतात, काकू, नगरात चुन्याचं काम करणारं कुणी राहिलंय का? नाही राहिलं, मी सांगते. का नाही, ते नाही सांगत.

मला बांधकाम खात्यात नोकरी लागली तेव्हा, रुजू व्हायच्या आधी, मी चाचांच्या घरी गेले. कबूल करायचं असं ठरवून गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती. दोन खोल्या, दाराला हिरवा पडदा. आतल्या भिंती पांढऱ्या, आणि त्यांना ती चकाकी, जी चुना शंभर वेळा घोटल्यावर येते. चाचा खाटेवर बसले होते, उजवी बाही दुमडून टाचलेली. मला बघून उठायला लागले. त्यांच्या मुलीनं, सलमानं, चहा आणला. कपबशी कोरी, निळ्या फुलांची, पाहुण्यांसाठी ठेवणीतली असावी. चाचांनी तसल्याच दुसऱ्या कपातून घेतला, डाव्या हातानं, थोडा सांडत.

“नोकरी लागली म्हनं. लई चांगलं झालं,” ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. “बेटा, त्या दिवशी टेम्पो कुठं अडकला हुता?”

जुळवलेली वाक्यं तोंडात होती. मी म्हणाले, “राहुरीच्या पुढं पंक्चर झाला होता.”

“हां,” ते म्हणाले. “मला वाटलंच.” चहाचा घोट घेतला. “आन उसासा? त्यो उघडला का न्हाई? आतल्या नव्या विटापन सडतील बघ, त्यो उघडला न्हाई तर.”

“उघडला ना,” मी म्हणाले. “लगेचच उघडला, चाचा.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून हसले, लहानपणी मी गुळाचा खडा तोंडात लपवलेला असताना हसायचे अगदी तसं.

सलमा मला सोडायला दारापर्यंत आली. चौदा-पंधरा वर्षांची असेल, मराठी शाळेत जाणारी. पडदा धरून उभी राहिली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “ताई, अब्बा दर जुम्म्याला तुमच्याच गल्लीतनं नमाजला जातात. मी सोबत असती, त्यांना काठी जमत न्हाई म्हनून. तुमच्या घराखाली थांबून वर बघतात.” मग मान वर केली. “त्यांना मराठी वाचता येत न्हाई. काल त्यांनी इचारलं, वर त्या सिमेंटच्या गोलावर काय लिवलंय. मीच वाचून दाखवलं.”